दोन वाक्यांमधला बांध

'पाऊस आला, नाले भरले, रस्ता बंद झाला.' परभणी जिल्ह्यात जिंतूरपासून गंगाखेडपर्यंत कुठल्याही गावात जुलै-ऑगस्टमध्ये असे वाक्य कानावर पडते, आणि लिहायचे झाले तर लोक लिहितातही असेच. तीन पूर्ण विधाने, मध्ये दोन स्वल्पविराम. वाचणारा कुठे अडखळत नाही. आता त्याच घडणीचे एक इंग्रजी वाक्य पाहा : 'द रेन केम लेट, वी सोड द कॉटन अगेन.' शब्द बरोबर, काळ बरोबर, कर्ता-क्रियापदाचा मेळ बरोबर. तरी इंग्रजीचा जाणता शिक्षक त्या स्वल्पविरामाभोवती लाल गोल काढणार, आणि शोधनिबंध छापणारा संपादक तिथेच खूण करणार. दोन स्वतंत्र वाक्ये नुसत्या स्वल्पविरामाने चिकटवण्याच्या या दोषाला इंग्रजीत 'कॉमा स्प्लाइस' असे नाव आहे. आपल्याकडे तो सरसकट 'इंग्रजी कच्चे' या सदरात जमा होतो, आणि मुलाला आणखी दहा वाक्ये लिहायला सांगून विषय मिटवला जातो. माझे म्हणणे असे की ही चूक कच्च्या इंग्रजीतून होत नाही, ती पक्क्या मराठीतून होते. मराठीत वाक्य संपल्याची खबर क्रियापद देते; इंग्रजीत ती बरीचशी विरामचिन्हाला द्यावी लागते. हा फरक कोणी सांगितला नाही तर नियम पाठ होतो, हातात उतरत नाही.

नियम तसा लहान आहे. ज्यात कर्ता आहे, काळ दाखवणारे क्रियापद आहे आणि जे एकटे उभे राहू शकते, ते स्वतंत्र वाक्य; आपल्या व्याकरणातले केवल वाक्य म्हणा. अशी दोन वाक्ये शेजारी आली की इंग्रजी प्रामुख्याने तीन वाटा देते. मध्ये पूर्णविराम द्यावा. किंवा अर्धविराम द्यावा. किंवा स्वल्पविराम देऊन त्यापुढे 'अँड', 'बट', 'ऑर', 'नॉर', 'फॉर', 'येट', 'सो' या सातांपैकी एक शब्द घालावा. अपूर्णविराम आणि अपसारणचिन्ह यांचीही सोय आहे, पण ती खास प्रसंगांसाठी. एकटा स्वल्पविराम ठेवला तर कॉमा स्प्लाइस होतो, आणि काहीच न ठेवता वाक्याला वाक्य भिडवले तर त्याला 'रन-ऑन' म्हणतात. दोन शेतांच्या मध्ये बांध असतो तसे हे आहे : बांध कुठला घालायचा ते मालकाने ठरवावे, पण बांधच नसेल तर कोणते तास कोणाचे हे परक्याला कळत नाही.

परक्याला ते का कळत नाही, हे एका उदाहरणात स्पष्ट दिसते. समजा, शेतकऱ्याने मानवतच्या बाजारात कापूस विकला आणि तूर घरात ठेवली. मराठीत : 'त्याने कापूस विकला आणि तूर घरात राहिली.' हे वाक्य कोणी चुकीचे वाचू शकत नाही. 'विकला' आले की पहिले विधान मिटले. शिवाय 'विकला' हे पुल्लिंगी रूप कापसाशी जुळलेले आहे. तूर स्त्रीलिंगी, म्हणजे ती या क्रियापदाच्या खात्यात जाऊच शकत नाही. सीमा दोन ठिकाणी आखलेली आहे, एकदा क्रियापदाच्या जागेने आणि एकदा त्याच्या रूपाने. आता इंग्रजीत चिन्हाशिवाय : 'ही सोल्ड द कॉटन अँड द तूर स्टेड इन द हाऊस.' वाचणारा 'तूर'पर्यंत येतो तेव्हा त्याच्या डोक्यात कापूसही विकला गेलेला असतो आणि तूरही. पुढे 'स्टेड' आले की तो दचकतो, मागे वळतो आणि तूर बाजारातून परत आणतो. 'सोल्ड' हे क्रियापद कापसाला आणि तुरीला सारखेच लागू पडते, त्याला लिंग नाही, वचन नाही; आणि ते मधोमध बसलेले असल्यामुळे त्याच्या पुढे आणखी किती कर्मे येणार याचा अंदाज बांधता येत नाही. 'अँड'च्या आधी एक स्वल्पविराम ठेवला की हे सगळे टळते : 'ही सोल्ड द कॉटन, अँड द तूर स्टेड इन द हाऊस.' मराठी वाक्यात हा स्वल्पविराम असला काय, नसला काय, सारखेच. इंग्रजीत तो 'विकला' या शब्दाने केलेले काम करतो.

यावर लगेच कोणी म्हणेल की मराठीत क्रियापद नेहमी शेवटी असते असे थोडेच आहे. 'विकला एकदाचा कापूस त्यानं', 'गेला का तो सेलूला?' असे आपण रोज बोलतो. खरे आहे. पण बोलताना आवाजाची चढ-उतार सीमा दाखवते, आणि क्रियापदाचे रूप तर जागा बदलली तरी आपली खूण सोडत नाही. लेखनात, त्यातही माहितीपर गद्यात, क्रियापद पुन्हा आपल्या जागी येऊन बसते. तेराव्या शतकातल्या लीळाचरित्राचे गद्य वाचणाऱ्याला आजच्या विरामचिन्हांची मदत मूळ पोथीत नव्हती. आखूड वाक्ये आणि त्यांची क्रियापदे यांच्या बळावर ते गद्य चालत आले. मोडीत तर शब्दसुद्धा सुटे लिहीत नसत. डोक्यावरची रेघ ओढायची आणि खाली अक्षरे लिहीत सुटायचे. त्या लिपीत हिशेब, खते, फर्मानांची उत्तरे आणि तंटे-बखेड्यांचे कागद शतकानुशतके लिहिले गेले आणि वाचलेही गेले. वाक्य कुठे संपते हे ज्या भाषेत क्रियापदावरून कळते, तिला चिन्हांवाचून निभावून नेता आले.

परभणीच्या बाबतीत यात आणखी एक थर आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. सरकारदरबारी उर्दू होती. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणाचे माध्यमही उर्दूच होते. म्हणजे मुंबई-पुण्याकडे एकोणिसाव्या शतकात शाळा, कचेरी आणि छापखाना यांतून इंग्रजी वाक्याची जी सवय मुरत गेली, ती इकडे त्या प्रमाणात मुरली नाही. गंमत अशी की उर्दूचे क्रियापदही शेवटीच असते. दक्षिणेला तेलुगू आणि कन्नड, त्यांचेही तसेच. परभणीचा माणूस घरात मराठी, कचेरीत उर्दू आणि बाजारात तेलंगणातून आलेल्या व्यापाऱ्याची तेलुगू ऐकत होता, तरी वाक्याचा शेवट क्रियापद सांगते हा त्याचा अनुभव कुठेच खोटा पडत नव्हता. तो मोडणारी त्याला भेटलेली पहिली मोठी भाषा इंग्रजी. २००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाऊ लागले, त्याआधी ते सहसा पाचवीला सुरू होई. वय खाली आले, पण वाक्य कुठे संपते हे ओळखायची खूणच बदलते, ही गोष्ट पाचवीच्या वर्गातही सांगितली जात नव्हती आणि पहिलीच्या वर्गातही सांगितली जात नाही.

चिन्हे आपल्याकडे आली कशी, हेही पाहण्यासारखे आहे, कारण घोळाचे दुसरे मूळ तिथे आहे. पोथ्यांत दंड होता, दुहेरी दंड होता. ओवी-अभंगाच्या चरणांना तेवढे पुरे असे. स्वल्पविराम, अर्धविराम, पूर्णविराम हा संच इंग्रजी छापखान्याबरोबर आला. मोल्सवर्थच्या १८३१ सालच्या मराठी-इंग्रजी कोशात सहकारी असलेले आणि १८४७ साली इंग्रजी-मराठी कोश पूर्ण करणारे मेजर थॉमस कँडी यांनी १८५० साली 'विरामचिन्हांची परिभाषा' हे पुस्तक लिहून ही चिन्हे मराठीत रीतसर बसवली. दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण त्याआधी, १८३६ साली छापले गेले होते. हा काळ महत्त्वाचा आहे. त्या वेळी इंग्रजीतच विरामचिन्हांकडे पाहण्याची जुनी दृष्टी मावळलेली नव्हती. लिंडली मरे यांच्या १७९५ सालच्या व्याकरणाने, जे पुढची अनेक दशके इंग्लंड-अमेरिकेच्या शाळांतून चालले, चिन्हांचे माप श्वासावर ठरवले होते : स्वल्पविरामाला सगळ्यांत लहान थांबा, अर्धविरामाला त्याच्या दुप्पट, अपूर्णविरामाला त्याच्याही दुप्पट, आणि पूर्णविरामाला आणखी दुप्पट. आपल्या चिन्हांची नावेच पाहा. स्वल्प, अर्ध, अपूर्ण, पूर्ण, आणि प्रत्येकाच्या शेवटी विराम. ही सगळी थांबण्याची मापे आहेत. त्यांत वाक्याच्या घडणीबद्दल एक अक्षर नाही.

इंग्रजीने मात्र पुढे हे माप सोडले. मोठ्याने वाचण्याची रीत मागे पडली, मनातल्या मनात वाचणारे वाढले, आणि चिन्ह श्वासासाठी न राहता रचनेसाठी वापरले जाऊ लागले. १९०६ साली फाउलर बंधूंच्या 'द किंग्ज इंग्लिश'ने स्वतंत्र वाक्यांमधल्या नुसत्या स्वल्पविरामाला दोष ठरवले; १९१८ साली विल्यम स्ट्रंक यांनी कॉर्नेल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या छोट्या पुस्तिकेत तोच नियम ठळकपणे मांडला. आपल्या वर्गात आजही सांगितले जाते की जिथे थोडे थांबायचे तिथे स्वल्पविराम द्यावा. मराठीपुरते हे चालून जाते. इंग्रजीत हाच सल्ला कॉमा स्प्लाइसला आमंत्रण देतो, कारण दोन छोट्या वाक्यांच्या मध्ये माणूस थोडेच थांबतो, आणि थोड्या थांब्यासाठी आपल्याला एकच चिन्ह शिकवलेले असते. मुलाने आज्ञा पाळली आणि गुण गमावला.

अर्धविरामाचा प्रकार तर याहून मजेशीर आहे. मराठी व्याकरणाच्या शालेय पुस्तकांत आणि स्पर्धा परीक्षांच्या तयारीत नियम असा असतो : दोन लहान वाक्ये उभयान्वयी अव्ययाने जोडली असतील तर मध्ये अर्धविराम द्यावा. 'ढग खूप आले; पण पाऊस पडला नाही.' आजच्या इंग्रजीचा सर्वसाधारण नियम नेमका उलटा आहे. 'बट' असेल तर स्वल्पविराम पुरे. अर्धविराम तेव्हा द्यायचा, जेव्हा मध्ये जोडणारा शब्द नसतो. एकाच मुलाच्या एकाच दप्तरातल्या दोन पुस्तकांत हे दोन नियम शेजारी-शेजारी असतात, आणि ते परस्परविरोधी आहेत हे त्याला कोणी सांगत नाही. कँडींच्या काळच्या इंग्रजी गद्यात 'बट'च्या आधी अर्धविराम सर्रास दिसतो. आपला नियम त्या काळाशी इतका जुळतो की तो तिथूनच आला असावा असे मानायला जागा आहे. इंग्रजी पुढे गेली आणि तिने टाकलेली रीत मराठीने जपून ठेवली. त्यात मराठीची चूक काही नाही. आपल्या लेखनात तो अर्धविराम नीट काम करतो. चूक इतकीच की दोन्ही नियम एकच असल्यासारखे शिकवले जातात.

यापुढची गाठ अव्ययांची, आणि सर्वांत जास्त चुका इथेच होतात. मराठी व्याकरण 'पण', 'परंतु', 'किंतु' यांना न्यूनत्वबोधक आणि 'म्हणून', 'सबब', 'तेव्हा' यांना परिणामबोधक उभयान्वयी अव्यये म्हणते. दोन्ही गट प्रधान वाक्ये जोडतात, दोघांचा दर्जा सारखा. मग 'देअरफोर' शिकताना मुलगा तो शब्द 'म्हणून'च्या खुंटीला टांगतो, 'हाउएव्हर'ला 'पण'च्या, आणि 'देन'ला 'मग'च्या. परिणाम : 'द बोअर ड्राइड अप, देअरफोर वी कॉल्ड अ टँकर.' इंग्रजीच्या लेखी हे दोन वाक्यांमध्ये नुसता स्वल्पविराम ठेवल्यासारखेच आहे, कारण 'देअरफोर' जोडणारा शब्दच नाही. तो क्रियाविशेषण आहे. अर्थ जोडतो, वाक्ये जोडत नाही. ओळखायची खूण सोपी आहे. 'बट' हा शब्द दोन वाक्यांच्या मधल्या जागेवरून हलत नाही. 'हाउएव्हर' हलतो : वाक्याच्या आरंभी येतो, कर्त्यानंतर येतो, अगदी शेवटीही जातो. जो शब्द असा फिरतो त्याच्या भरवशावर सीमा सोडता येत नाही. त्याच्याआधी पूर्णविराम किंवा अर्धविराम लागतोच.

असा फिरता शब्द मराठीत नाही असे मात्र नाही, आणि शिकवणाऱ्याने तो हाताशी धरावा असे मला वाटते. 'दुधना आटली. पूर्णा मात्र वाहत होती.' इथे 'मात्र' कर्त्यानंतर बसला आहे आणि त्याच्याआधी आपण सहज पूर्णविराम दिला. 'दुधना आटली मात्र पूर्णा वाहत होती' असे जुन्या वळणाचा लेखक लिहिणार नाही. म्हणजे 'हाउएव्हर'चा खरा मराठी सोबती 'मात्र' आहे, 'पण' नव्हे. ही एक जोडी बदलली तर निम्म्या चुका तिथेच थांबतील असे म्हणण्याचा मोह होतो, पण वर्तमानपत्रांनी तीही वाट जरा खराब केली आहे. अलीकडे बातम्यांत 'मात्र,' असा स्वल्पविरामासह वाक्याच्या आरंभीच तो दिसतो, म्हणजे इंग्रजी 'हाउएव्हर'चा पोशाख चढवून. दोन भाषांत उधार-उसनवारी अशी दोन्ही बाजूंनी चाललेली असते.

एक चूक दिसायला याच्या उलट असते, पण तिचे कूळ तेच. 'जरी पाऊस झाला, तरी विहिरीला पाणी आले नाही' या वाक्यात 'जरी' गेला तर चालतो, 'तरी' गेला तर वाक्य लंगडे होते. जर-तर, जेव्हा-तेव्हा, जो-तो : मराठीत गौण वाक्य आपला जोडीदार घेऊन येते आणि दोघांनी मिळून सांधा पक्का होतो. त्या सवयीने लिहिले जाते, 'ऑल्दो इट रेन्ड, बट द वेल वॉज ड्राय.' इथे 'ऑल्दो'ने पहिले वाक्य गौण करून टाकले; त्याचे स्वातंत्र्य गेले. 'बट'ला मात्र दोन्ही बाजूंना बरोबरीची स्वतंत्र वाक्ये लागतात, आणि डावीकडे तसे वाक्य उरलेले नाही. म्हणून दोघांपैकी एकच ठेवायचा. 'ऑल्दो' ठेवला तर मधला स्वल्पविराम एकटाच पुरतो, कारण आता तिथे दोन स्वतंत्र वाक्ये नाहीतच. स्वल्पविराम कुठे चालतो आणि कुठे नाही हे चिन्हाकडे पाहून कळणार नाही; त्याच्या दोन्ही बाजूंना काय उभे आहे ते आधी पाहावे लागते.

आता या सगळ्या मांडणीवरचा सर्वांत वजनदार आक्षेप. क्रियापद मध्ये असल्यामुळे इंग्रजीला चिन्हाची गरज पडते असे म्हणावे, तर फ्रेंच, रशियन, जर्मन या भाषांत दोन स्वतंत्र वाक्यांमध्ये नुसता स्वल्पविराम सहज चालतो, आणि त्यांच्याही साध्या वाक्यात क्रियापद मध्येच असते. जर्मन आणि रशियनबाबत उत्तर देता येते. त्या भाषांत नामांना किंवा त्यांच्या आधीच्या शब्दांना विभक्तीच्या खुणा आहेत, त्यामुळे पुढे आलेले नाम मागच्या वाक्याचे कर्म आहे की नव्या वाक्याचा कर्ता, हे पुष्कळदा रूपावरूनच कळते. इंग्रजीने नामांच्या विभक्ती जवळजवळ टाकून दिल्या. 'तूर' कर्ता असो की कर्म, तिचे रूप तेच. फ्रेंचबाबत मात्र हे उत्तर पुरत नाही. फ्रेंच नामांनाही विभक्ती नाही, तरी तिथे अशा स्वल्पविरामाला कोणी एवढा गुन्हा मानत नाही. तेव्हा प्रामाणिकपणे एवढेच म्हणता येते की क्रियापदाच्या जागेमुळे धोका निर्माण होतो, पण त्या धोक्यावरचा इतका कडक इलाज ही इंग्रजीची स्वतःची, फार जुनीही नसलेली रूढी आहे. अठराव्या शतकातले इंग्रजी लेखक स्वतःच ती पाळत नव्हते. म्हणून कॉमा स्प्लाइस करणाऱ्या मुलाला विचारच करता येत नाही, असे ठरवणे अन्यायाचे आहे. त्याला इंग्रजीचा रिवाज सांगायचा आहे, तर्कशास्त्र शिकवायचे नाही.

दुसरा आक्षेप साहित्याचा. डिकन्सच्या १८५९ सालच्या 'अ टेल ऑफ टू सिटीज'चा प्रसिद्ध आरंभ म्हणजे स्वल्पविरामांनी ओवलेल्या स्वतंत्र वाक्यांची लांबच लांब माळ आहे. बेकेट आणि व्हर्जिनिया वुल्फ यांनीही हे बंधन हवे तेव्हा झुगारले. मग आम्हालाच का? स्ट्रंकने स्वतःच एक पळवाट ठेवली होती : वाक्ये फार लहान आणि एकाच घडणीची असतील तर स्वल्पविराम चालेल. डिकन्सची वाक्ये एका साच्यातली आहेत, त्यामुळे एक संपून दुसरे सुरू झाल्याचे वाचकाला साचाच सांगतो. 'पाऊस आला, नाले भरले, रस्ता बंद झाला' हे वाक्यही याच जातीचे आहे, आणि त्याचे इंग्रजी तसेच केले तर एखादा उदार संपादक ते ठेवीलही. पण 'द रेन केम लेट, वी सोड द कॉटन अगेन' यात एक कारण आहे आणि एक परिणाम; साचा एक नाही. कादंबरीकार सूट घेतो तेव्हा ती सूट आहे हे त्याला माहीत असते आणि वाचकालाही. अर्जात, अहवालात किंवा प्रबंधात वाचकाला तसे मानायला काही आधार नसतो.

कायद्याचाही दाखला दिला जातो. अश्विनीकुमार घोष विरुद्ध अरविंद बोस या १९५२ सालच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा अर्थ लावताना विरामचिन्हे हा गौण घटक मानला होता. न्यायालयच त्याला एवढी किंमत देत नसेल तर शाळेने कशाला द्यावी? पण हा दाखला उलटा लागतो. चिन्हावर अर्थ सोडू नये म्हणूनच कायद्याचे मसुदे लिहिणारे 'अँड', 'ऑर', 'प्रोव्हायडेड दॅट' हे शब्द जागोजागी उघड लिहितात. तिथे सीमा दाखवण्याचे काम शब्दांवर टाकलेले असते. ज्याला त्या भाषेत लिहायचे नाही, त्याला चिन्ह नीट द्यावेच लागते.

राहिला आजच्या काळाचा प्रश्न : मोबाईल आणि संगणक स्वल्पविराम दुरुस्त करून देतात, मग माणसाने डोके का शिणवावे? परभणीत १९७२ साली कृषी विद्यापीठ स्थापन झाले, आज ते वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ म्हणून ओळखले जाते. पानांच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या विषाणुरोगाला प्रतिकारक्षम म्हणून प्रसिद्ध झालेली 'परभणी क्रांती' ही भेंडीची जात तिथलीच. अशा संस्थेत प्रबंध इंग्रजीत लिहिले जातात, आणि लिहिणारे बरेचसे विद्यार्थी मराठी माध्यमाच्या शाळांतून आलेले असतात. समजा, एखाद्याने लिहिले, 'द लीव्ह्ज टर्न्ड यलो, द यील्ड फेल.' सॉफ्टवेअर स्वल्पविरामाखाली रेघ ओढील आणि चार दुरुस्त्या पुढे करील. पूर्णविराम दिला तर दोन निरीक्षणे झाली : पाने पिवळी पडली, उत्पादन घटले, संबंध वाचकाने ताडावा. अर्धविराम दिला तर दोन्ही गोष्टी एकाच घटनेच्या बाजू आहेत असे सुचवले गेले. 'सो' घातले तर पिवळेपणामुळे उत्पादन घटले हा दावा झाला. आणि 'अँड' घातले तर दोन्ही झाले एवढेच, पुढचे नाही. ही चार वाक्ये शास्त्राच्या दृष्टीने चार वेगळी विधाने आहेत. कारण सिद्ध करायला रोग झालेल्या आणि न झालेल्या ओळींची तुलना केलेली असावी लागते, त्याच जमिनीत, त्याच पाण्यावर. ती तुलना झाली होती की नाही हे शेतात उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला माहीत आहे, सॉफ्टवेअरला नाही. कॉमा स्प्लाइसचा खरा तोटा इथे कळतो. तो दोन विधाने शेजारी ठेवतो आणि त्यांचा संबंध सांगायचे टाळतो. मराठीत हे टाळणे खपते, कारण 'पाऊस उशिरा आला, आम्ही पुन्हा पेरलं' यातला कार्यकारणभाव ऐकणारा स्वतःच भरून घेतो आणि त्याला तशी सवय असते. इंग्रजी प्रबंधाचा परीक्षक तो भरून घेत नाही, विचारतो.

एकदा नियम कळला की काही दिवस उलटी चूक होते, तिचाही उल्लेख हवा. 'अँड' दिसला की स्वल्पविराम, असे होऊ लागते : 'ही सोल्ड द कॉटन, अँड बॉट टू बुलक्स.' इथे 'बॉट'ला स्वतःचा कर्ता नाही. विकणारा आणि घेणारा एकच, म्हणजे स्वतंत्र वाक्य एकच आहे आणि स्वल्पविराम नको. मराठीत कर्ता गाळणे इतके अंगवळणी आहे की 'बैल घेतले' हे आपल्याला पूर्ण वाक्य वाटते, आणि ते आहेही. इंग्रजीत आज्ञार्थ सोडला तर कर्त्यावाचून स्वतंत्र वाक्य होत नाही. म्हणून तपासणी अशी करावी की जोडणाऱ्या शब्दाच्या पुढचा भाग एकटा वाचून पाहावा. 'बॉट टू बुलक्स' एकटे उभे राहते का? नाही. 'द तूर स्टेड इन द हाऊस' राहते का? राहते, तर स्वल्पविराम द्यावा. हीच परीक्षा 'देअरफोर'लाही लावावी, आणि तिथे दोन्ही बाजू उभ्या राहिल्या तर स्वल्पविरामावर न थांबता अर्धविरामाकडे जावे. दहावीच्या वर्गात फळ्यावर दोन रकाने आखून डावीकडे '; पण' आणि उजवीकडे ', बट' असे लिहून ठेवले, आणि मराठीच्या पेपरात डावे, इंग्रजीच्या पेपरात उजवे एवढे सांगितले, तरी पुष्कळ झाले.